ई गडगडते, जी हरवते

प्रश्न : मी वसईला लग्नांच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवतो. बेस प्रिसिजन पद्धतीचा, चार तारांचा आहे (जाडीकडून बारीककडे ई, ए, डी, जी). ई तार फार गडगडते आणि जी तार हॉलमध्ये ऐकूच येत नाही. म्हणून पिकअप (तारांचं हलणं पकडून ॲम्पकडे पाठवणारा भाग) जितका वर येईल तितका वर आणला. आवाज वाढला, पण आता ई तारेवर बाराव्या फ्रेटच्या (दांडीवरच्या आडव्या पट्टीच्या) पुढे सूर डळमळतो, ट्यूनरचा काटा थांबत नाही आणि जोरात वाजवलं की तार पिकअपवर आपटते. मित्र म्हणतात, पिकअपच बदल. काय करू?
— एक वाचक, वसई

उत्तर : पिकअप बदलू नका, खाली न्या. तुमच्या पत्रातल्या तिन्ही तक्रारींचं मूळ त्या उंचीत आहे आणि एका स्टार स्क्रू ड्रायव्हरवर काम होईल. दुरुस्तीला आलेल्या बेसमध्ये मी हे नेहमी बघतो. तार कमी ऐकू आली की माणूस पिकअप वर चढवतो. खरं तर ज्या तारेचा आवाज जास्त येतो तिच्याखालचा पिकअप उतरवायचा असतो.

पिकअपमध्ये चुंबक असतो आणि तार लोखंडी. चुंबक फार जवळ आला की तो तारेला खाली ओढतो, तिला मोकळं हलू देत नाही. एकाच स्वरातून दोन सूर निघाल्यासारखं वाटतं, स्वर लवकर विझतो. बाराव्या फ्रेटच्या पुढे बोट दाबलं की तार पिकअपच्या आणखी जवळ येते, म्हणून तुमचा सूर नेमका तिथेच डळमळतो. वाजवताना ई तार सगळ्यांत रुंद हलते, त्यामुळे आपटतेही तीच.

स्क्रूला हात लावण्याआधी नेक, म्हणजे बेसची दांडी, बघा. पावसाळ्यात वसईच्या हवेत लाकूड ओल धरतं आणि नेकचा बाक बदलतो. ई तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक जिथे बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली साधारण ०.३ मिलिमीटर फट दिसायला हवी, म्हणजे जाडसर व्हिजिटिंग कार्डाएवढी. ती फार कमी-जास्त असेल तर आधी ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक बदलणारी सळई) आणि मग ब्रिजवरून (तारा बॉडीवर जिथे टेकतात तो भाग) ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, लावून घ्या. ट्रस रॉडची सवय नसेल तर ते काम जाणकाराकडे द्या. नेक वाकडी असताना पिकअप लावणं म्हणजे तेच काम पुन्हा करणं.

आता मोजमाप. ई तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा आणि तारेच्या खालच्या कडेपासून चुंबकाच्या माथ्यापर्यंतचं अंतर मोजा. सुरुवातीला तिथे ३ मिलिमीटर ठेवा, जी तारेखाली तसंच मोजून सुमारे २.५. स्टीलची पट्टी वापरू नका, चुंबक ती ओढतो. कंपासपेटीतली प्लास्टिकची पट्टी घ्या आणि शून्याच्या रेषेवर कापा, कारण तिचं शून्य कडेपासून सुरू होत नाही. हे आकडे फक्त सुरुवातीसाठी आहेत. पुढचं काम कानाचं.

इथे तुमच्या बेसची रचनाच तुमच्या मदतीला येते. लिओ फेंडरच्या कंपनीने १९५१ साली प्रिसिजन बाजारात आणला तेव्हा त्याचा पिकअप एकसंध होता. १९५७ मध्ये त्याचे दोन तुकडे झाले : ई आणि ए तारांखाली एक, डी आणि जी तारांखाली दुसरा, ब्रिजच्या दिशेने थोडा सरकवलेला. प्रत्येक तुकड्याला स्वतःचे दोन स्क्रू आहेत. म्हणजे जाड तारांचा तुकडा उतरवताना बारीक तारांच्या तुकड्याला हात लावावा लागत नाही. तुम्ही सगळे स्क्रू सारखेच फिरवलेत, म्हणून आवाज वाढला पण तफावत तशीच राहिली.

ॲम्पचे टोनचे नॉब मधोमध ठेवा आणि उजवा हात एकाच जागी, एकाच जोराने चालवा. ई तारेच्या पाचव्या फ्रेटवरचा स्वर आणि मोकळी ए तार, दोन्हींचा सूर एकच. आळीपाळीने वाजवा आणि फक्त आवाज किती मोठा येतो ते ऐका. मग ए तारेचा पाचवा फ्रेट आणि मोकळी डी, त्यानंतर डीचा पाचवा फ्रेट आणि मोकळी जी. दबलेली आणि मोकळी तार थोडी वेगळी वाजणारच, पण एक पुढे आणि एक मागे अशी वाटता कामा नये. ज्या तारेचा आवाज पुढे येतो तिच्या बाजूचा स्क्रू उजवीकडे पाव फेरा फिरवा, सूर पुन्हा जुळवा, पुन्हा ऐका. तंबोऱ्याचा दोरा केसभर सरकला की जवारी बदलते, इथेही तसंच आहे, घाई केली तर नेमकी जागा हातची जाते.

मधल्या दोन तारा दबल्यासारख्या वाटल्या तर दोष तारांचा नाही. फिंगरबोर्डला गोलाई असते आणि पिकअपचा माथा सपाट असतो, म्हणून ए आणि डी तारा त्याच्यापासून जास्त उंचावर राहतात. दोन्ही तुकड्यांची आतली टोकं किंचित उचला, बाहेरची तशीच ठेवा.

स्क्रू सैल करूनही पिकअप वर येत नसेल तर त्याला खालून वर ढकलणारा फोम मेलेला असतो. समुद्राजवळ तो भुसभुशीत होतो. दाबल्यावर लगेच फुगणारा घट्ट फोम कापून घाला, किंवा स्प्रिंग. गंजलेल्या स्क्रूवर जोर करू नका, डोकं झिजलं की काम दुप्पट होतं.

एकट्याने खोलीत लावलेला बेस बँडमध्ये फसवतो, कारण एकट्याला ई तारेची गडगड आवडते. शेवटचा निर्णय ड्रमरबरोबर वाजवून घ्या. फोनवर रेकॉर्ड केलंत तर हेडफोन लावून ऐका. मोकळ्या ई तारेचा मूळ सूर सुमारे ४१ हर्ट्‌झचा असतो आणि फोनच्या स्पीकरमधून तो येतच नाही.

एवढं करूनही जी तार बारीकच वाटली तर ४०ऐवजी ४५ जाडीची तार लावून बघा. नव्या पिकअपचा विचार त्यानंतर.

प्रश्न : माझ्या जॅझ बेसचे दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे असताना शांतता असते. मला ब्रिजच्या पिकअपचा आवाज जास्त हवा असतो, पण नेकचा नॉब जरा कमी केला की घूंऽऽ सुरू होतं. बेस बिघडला आहे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : बेस ठणठणीत आहे. १९६० साली आलेल्या या बेसला दोन सुटे पिकअप आहेत आणि त्यांची गुंडाळी (कॉइल) व चुंबक एकमेकांच्या उलट असतात. दोन्ही सारखे उघडे असले की दोघांनी पकडलेली घूंघूं एकमेकांना कापते, तारेचा आवाज मात्र जोडला जातो. एक नॉब कमी केला की हा तोल जातो.

तुमचं काम नॉबऐवजी स्क्रूने होईल. नेकचा पिकअप खाली उतरवा, ब्रिजचा थोडा वर घ्या आणि दोन्ही नॉब उघडेच ठेवा. कॉइल तारेपासून दूर गेली की तारेचा आवाज कमी होतो, पण खोलीतली घूंघूं ती तेवढीच पकडत राहते, म्हणून तोल टिकतो. तसाही ब्रिजपाशी तार कमी हलते, तिथला पिकअप जवळ असायलाच हवा.

तारांना हात लावल्यावर घूंघूं कमी होत असेल तर काळजी नको. पण गणपतीच्या मांडवात किंवा हॉलमध्ये तारांना वा माइकला स्पर्श होताच झिणझिण्या आल्या तर वाजवणं ताबडतोब थांबवा. इलेक्ट्रिशियनकडून बोर्डाचं अर्थिंग तपासून घेतल्याशिवाय पुन्हा जॅक लावू नका, आयोजक कितीही घाई करोत.