मोटर बदलण्याआधी बिजागरीजवळची वायर तपासा

तुमच्या गाडीच्या मागच्या डाव्या दाराची काच दार उघडं असताना चालते, लावलं की अडते, आणि सर्व्हिस सेंटर मोटर-रेग्युलेटरचा (काच वर-खाली करणारी मोटर आणि तिची यंत्रणा) अख्खा सेट बदला म्हणतंय, हे तुमचं वाचून राहवलं नाही. माझ्या गाडीचं हुबेहूब हेच होतं. सेट बदलला, आणि पहिल्याच पावसात काच पुन्हा अर्ध्यावर.

मोटर खराब असेल तर दार उघडं की बंद, याने तिला काय फरक पडणार? फरक पडतो वायरिंगला. दार आणि ते ज्याला बसवलेलं असतं तो गाडीचा खांब यांच्यामधल्या घडीच्या रबरी नळीतून वायरी जातात. प्रत्येक उघडझापीला त्या वाकतात, कालांतराने आतलं तांबं तुटतं आणि वरचं आवरण मात्र शाबूत दिसतं. बऱ्याच साध्या गाड्यांत मागच्या मोटरचं अर्थिंग (करंट परत जायची वाट) ड्रायव्हरच्या स्विचमधून मिळतं. म्हणून एकच वायर तुटली तरी ड्रायव्हरच्या स्विचने काहीच होत नाही आणि दाराच्या स्विचने काच एकाच दिशेला जाते, असाही प्रकार दिसतो.

आमच्याकडे मीटर लावून '१२ व्होल्ट येताहेत, म्हणजे मोटर गेली' असा निकाल दिला. याचा राग अजून जात नाही. मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही. वायरीतली एकच बारीक तार शिल्लक असली तरी तो १२ दाखवतो. मोटरच्या कनेक्टरवर ५५ वॅटचा हॅलोजन बल्ब लावा. तो साडेचार अँपिअर ओढतो, म्हणून तुटकी वायर लगेच उघडी पडते. कुणाला तरी स्विच दाबून धरायला सांगा आणि दार हळूहळू हलवा. बल्ब मंदावला किंवा लुकलुकला की दुखणं सापडलं.

मी मेकॅनिक नाही, आणि हे जुन्या पद्धतीच्या वायरिंगपुरतं. अँटी-पिंचवाल्या गाडीत (बोट अडकलं तर काच आपोआप मागे घेणाऱ्या) काच कंट्रोल युनिट, म्हणजे छोटा संगणक, चालवतं. तिथे बल्बचा प्रयोग नको, स्कॅनरवाला गाठा.

तुटलेली वायर दुरुस्त करायचं काम चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन सहज करतो. फक्त नळीच्या आत सांधा देऊ देऊ नका, तो तिथेच पुन्हा तुटतो. मधला तुकडा नवा लवचिक वायरचा घाला, सांधे नळीच्या दोन्ही बाहेरच्या बाजूंना. आणि दाराचं पॅड (आतल्या बाजूचं आवरण) काढताना आतला प्लास्टिकचा कागद फाडला तर नवा चिकटवून घ्या. नाहीतर पावसाचं पाणी गाडीत उतरतं.