म्हातारा पाऊस दुबळा असतो का?

‘म्हातारा लागलाय, आता नदीकडं लक्ष ठेवाय पायजे,’ असं कोल्हापूरचे काका फोनवर म्हणाले. हा म्हातारा कोण, आणि दमलेल्या, हलक्या पावसाला ‘म्हातारा पाऊस’ म्हटलं तर चालेल का, अशी एका वाचकाची विचारणा आहे.

म्हातारा म्हणजे पुष्य नक्षत्राचा पाऊस. सूर्य एका नक्षत्रात साधारण १३-१४ दिवस असतो. त्या हिशेबानं ७-८ जूनला मृग, मग आर्द्रा, ५-६ जुलैला पुनर्वसू आणि १९-२० जुलैला पुष्य. आमच्याकडं बोलताना मृगाचा मिरीग झाला, आश्लेषाचा आसळका झाला. पुनर्वसू आणि पुष्य मात्र पार पुसले गेले नि त्यांच्या जागी तरणा-म्हातारा ही जोडी येऊन बसली. पुढं मघांचा तो सासूचा पाऊस, पूर्वाचा सुनेचा. (‘न पडतील मघा तर वरतीच बघा’ ही म्हण ठाऊक असेल. तिचा जोडीदार अर्धा भाग इथं छापण्याजोगा नाही, घरातल्या आजीला विचारा.)

पावसाची चर्चा महिन्यांवर न करता नक्षत्रांवर का, तर आपले महिने चंद्राचे, ते मागं-पुढं सरकतात. २०२३ साली अधिक श्रावण आला आणि निज श्रावण थेट १७ ऑगस्टला लागला. ‘श्रावणात लावण उरकू’ म्हणून बसणाऱ्याचं भाताचं रोप त्या वर्षी तरूतच (रोपाच्या वाफ्यातच) वाळलं असतं. सूर्याची नक्षत्रं दरवर्षी त्याच तारखांच्या आसपास येतात, म्हणून शेतकऱ्यानं ती धरून ठेवली.

आता जोराचं. तरण्याचा पाऊस रगेल, म्हाताऱ्याचा संथ, असं स्पष्टीकरण सगळीकडं ऐकायला मिळतं. कोल्हापुरात ते अर्धंच पटतं. म्हातारा एकदा ठाण मांडून बसला की उठत नाही. गगनबावडा, राधानगरीकडं झड लागते, इकडं कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती फुगतात आणि सगळं पाणी पंचगंगेत येतं. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. २०२१ च्या जुलैत पाणी ५६ फुटांच्या आसपास गेलं, तेव्हा म्हातारा लागून चार-पाच दिवसच झाले होते. २०१९ चा महापूर आसळकाच्या नावावर जातो, पण त्याआधी धरणं भरत आणली होती म्हाताऱ्यानंच. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमीही बहुतेक वर्षी जुलैअखेर किंवा ऑगस्टच्या सुरुवातीलाच येते. तेव्हा काकांचं म्हणणं बरोबर आहे.

माझ्या मते या नावात जोरापेक्षा क्रम जास्त आहे: आधी तरणा, मागनं म्हातारा. शेतकरी ‘म्हातारा लागला’, ‘म्हातारा कोरडा गेला’, ‘म्हाताऱ्यात लावण उरकली’ असं म्हणतो, तेव्हा तो त्या पंधरवड्याबद्दल बोलत असतो. म्हातारा कोरडाही जाऊ शकतो, म्हणजे पाऊस पडला नाही तरी नाव तेच. म्हणून ऑक्टोबरातली सर कितीही थकलेली वाटली तरी ती म्हातारा नव्हे. तिला भुरभुर म्हणा.