कॅलिफोर्नियात जातीभेदाविरुद्धचं विधेयक फेटाळलं गेलं, मग ऑफिसात जातीवरून त्रास झाला तर तक्रारच करता येत नाही का?

येते. राज्यपाल न्यूसम यांनी ७ ऑक्टोबर २०२३ला ते विधेयक (एसबी ४०३) सही न करता परत पाठवलं, ते सध्याच्या कायद्यातच अशा भेदभावाला बंदी आहे असं कारण देऊन. कायद्यात वंश, धर्म, मूळ देश यांच्यासोबत ‘अँसेस्ट्री’ म्हणजे वंशपरंपरा आहेच. तिच्या व्याख्येत जात स्पष्ट लिहावी, एवढीच मागणी होती.

ती का होती ते सांगतो. मी बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात, इंजिनिअर आहे. टीमला नवा लीड आला, मराठी, म्हणून मला आनंदच झाला. पहिल्याच लंचला त्याने गाव विचारलं. माझं आडनाव गावावरून पडलेलं, त्यातून त्याला काही कळेना. मग विचारलं, “तुमच्याकडे गणपती दीड दिवसांचा की पाच?” म्हटलं, आमच्याकडे गणपती नसतो, आम्ही बौद्ध. “अच्छा,” म्हणाला आणि शेजारच्याशी क्रिकेटवर बोलू लागला. पुढे शुक्रवारचं लंच मला न सांगता ठरायला लागलं. डिझाइन मीटिंगची इन्व्हाइट बंद झाली. वर्षअखेरीच्या रिव्ह्यूत लिहिलं, ‘टीममध्ये मिसळत नाही.’

एचआरकडे गेलो तर त्या बाईंनी विचारलं, “पण तुम्ही दोघंही भारतीयच ना?” जात कायद्यात नावानिशी असती तर हा प्रश्न आला नसता.

तुम्ही तारीखवार नोंदी ठेवा, एचआरला लेखी मेल करा. राज्याच्या सिव्हिल राइट्स डिपार्टमेंटकडे ३ वर्षांच्या आत तक्रार करता येते. तक्रार केली म्हणून डूख धरणं हेही बेकायदाच धरलं जातं, तेव्हा एच-वन व्हिसा जाईल या भीतीने गप्प बसू नका.

आणि ‘अमेरिकेत जात आणू नका’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. माझे मेहुणे दर दिवाळीला हेच ऐकवतात. असे कायदे आपल्याला न ओळखणारे लोक करतात म्हणे. सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३मध्ये जातीभेदावर बंदी घातली, तो प्रस्ताव आणणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मल्या. त्या आपल्याला ओळखत नाहीत? गणपतीचा प्रश्न मला कुणा गोऱ्याने विचारला नव्हता, भाऊजी.

मी वकील नाही. कंपनीत ५पेक्षा कमी माणसं असतील तर भेदभावाचं कलम लागत नाही, छळाचं मात्र लागतं. तेवढं एम्प्लॉयमेंट वकिलाकडून तपासून घ्या.