पोर्तुगालमधील नाझारे हे मच्छीमार गाव एका दिवसात पाहून होते का, आणि मोठ्या लाटा नसतील तर तेथे काय आहे?

लिस्बनहून नाझारे उत्तरेला सुमारे १२० किलोमीटरवर आहे. बसने साधारण दोन तास लागतात, त्यामुळे सकाळी लवकर निघाल्यास एका दिवसात जाऊन येता येते. आपल्या मुख्य प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे. मात्र आपण शेवटी असेही विचारले आहे की, किनाऱ्यावर मासळी वाळत घातलेली असते असे ऐकले, मुले बरोबर आहेत, तर तो भाग टाळून गाव पाहता येईल का. ते वाक्य वाचून मी लिहायला बसले, कारण मी मालवणजवळच्या एका वाडीतली, रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्यांच्या, घरातली मुलगी आहे आणि याच वासावरून आमच्या घरात दहा वर्षे वाद चालू आहे.

यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही दोन वर्षे लिस्बनला होतो, तेव्हा सप्टेंबरमध्ये मी नाझारेला गेले. गावाचे तीन भाग आहेत. कड्यावर सीतिउ, खाली वाळूला लागून प्राया आणि समोरच्या टेकडीवर पेदेर्नेरा. जुनी वस्ती पेदेर्नेराची. आजची प्राया जेथे आहे तेथे एके काळी समुद्र होता. समुद्र मागे हटल्यावर अठराव्या शतकात मच्छीमार कुटुंबे तेथे येऊन राहिली, त्यांतली बरीच उत्तरेकडच्या ईल्यावु या गावची होती. १९१२ पर्यंत तालुक्याचे नावही पेदेर्नेराच होते. किनाऱ्यावर बंदर नव्हते. निमुळत्या, उंच नाळीच्या होड्या माणसे थेट फुटत्या लाटांतून आत लोटीत आणि परत आलेल्या होड्या बैलांच्या जोड्या वाळूवर ओढून घेत. बंदर झाले ते १९८० च्या दशकात, म्हणजे आज साठी-सत्तरीत असलेल्या तेथील मच्छीमार घरांतल्या कित्येक बायांनी आपला बाप किंवा नवरा त्या लाटांतून आत जाताना वाळूवर बसून पाहिलेला आहे. तेथील बायांच्या अंगावर एकावर एक घातलेले सात घागरे आपण छायाचित्रांत पाहता, त्यांचा उगम याच बसण्यात आहे असे तेथे सांगतात: थंडीत वाट पाहताना काही घागरे डोक्याखांद्यांवरून ओढून घ्यायचे आणि बाकीचे पायांवर ठेवायचे.

तेथे शावेगा नावाची मासेमारी चालत असे. होडी जाळे घेऊन समुद्रात अर्धगोल फिरते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात आणि मग सारा गाव ओढायला लागतो. ही आमची रापणच. लहानपणी मी दोराला हात लावला की माझ्याही नावाने चार तारल्या वाट्याला येत. हजारो मैलांवरच्या वाळूत तसेच जाळे पाहून मला काय वाटले असेल याची आपण कल्पना करू शकाल.

मासळी वाळवण्याची जागा मुख्य किनाऱ्यावरच, रंगवून ठेवलेल्या जुन्या होड्यांच्या शेजारी आहे. लाकडी चौकटींवर जाळे ताणून केलेले तक्ते उतरते मांडलेले असतात. डोक्याला काळा रुमाल बांधलेली एक म्हातारी तेथे कारापाऊ साफ करीत होती. हा मासा बांगड्याहून सडपातळ असतो आणि त्याच्या कुशीवरून खरखरीत खवल्यांची रेघ जाते. ती सुरी पोटातून शेपटीपर्यंत नेई, आतडी काढी, मासा पुस्तकासारखा उघडी, पाण्यात खळबळून मिठाच्या पाण्यात बुडवी आणि मग तक्त्यावर एकाला एक लावून ठेवी. दोन-तीन दिवसांच्या उन्हात तो खडखडीत वाळतो. काही मासे मात्र अर्धवट वाळलेलेच विकतात, ते निखाऱ्यावर भाजून किंवा बटाट्याबरोबर उकडून खातात. मला पोर्तुगीज जेमतेम येत होते. मी खुणेने विचारून एक मासा हातात घेतला, बोटाने पाठीच्या काट्याजवळ दाबून पाहिले आणि अजून ओला आहे अशा अर्थी मान हलवली. म्हातारीने माझ्याकडे एकदा नीट पाहिले, तो मासा घेऊन उलटा केला, काट्याची बाजू उन्हाकडे फिरवली आणि स्वतःच्या शेजारचे लाकडी खोके माझ्याकडे सरकवले. मी तासभर तेथे बसून मासे उलटत होते. निघताना तिने अर्धा किलो कारापाऊ कागदात बांधून दिला आणि पैसे घेतले. मला ते फार बरे वाटले, कारण त्या मासळीला किंमत आहे हे ती जाणून होती.

आता वादाविषयी लिहिते. माझ्या थोरल्या भावाने घराला लागून पर्यटकांसाठी चार खोल्या बांधल्या आणि पहिल्याच हंगामात आईला सांगितले की खळ्यात बांगडे वाळत घालायचे नाहीत, पाहुणे नाक मुरडतात. आईने चाळीस वर्षे वाळवलेल्या मासळीवर आम्हा दोघांची शिक्षणे झाली. ती काही बोलली नाही, मी बोलले, आणि त्या दिवसापासून दादा आणि मी या विषयावर सरळ बोललेलो नाही. नाझारेत मी पाहिले की रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून, खोल्या भाड्याने मिळतील अशा चार भाषांतल्या पाट्या हातात धरून बसणाऱ्या बाया आणि तक्त्यांवर मासळी उलटणाऱ्या बाया एकाच गल्लीतल्या आहेत. पाहुणा आणि सुकी मासळी एका किनाऱ्यावर राहू शकतात. समोर हॉटेले आहेत आणि त्यांच्या खिडक्या उघड्या आहेत. मी दादाला त्याच संध्याकाळी छायाचित्रे पाठवली. त्याने उत्तर दिले की तो देश वेगळा आहे. मला ते पटत नाही. वास तोच आहे. गावाने त्याची लाज बाळगली नाही, एवढाच फरक आहे.

लाटा नसतानाही पाहण्यासारखे आहे ते वर सीतिउला. २८ जुलै १८८९ ला सुरू झालेली, रुळांवरून दोराने ओढली जाणारी गाडी आजही कड्यावर नेते. वर कड्याच्या अगदी टोकावर एक चिमुकले प्रार्थनाघर आहे. आख्यायिका अशी की १४ सप्टेंबर ११८२ च्या धुक्यात दों फुआश रोपिन्यु हा सरदार हरणाचा पाठलाग करीत येथवर आला, हरीण कड्यावरून गेले, आणि त्याने मेरीमातेचा धावा करताच घोडा काठावर थबकला. जवळचे मोठे देऊळ राजा फेर्नांदुने १३७७ मध्ये उभारले. वास्को द गामा हिंदुस्थानाकडे निघण्यापूर्वी येथे दर्शनाला आला होता असे तेथील परंपरा सांगते. वसईचा इतिहास ठाऊक असलेल्या मराठी माणसाने त्या कड्यावर जरा वेळ उभे राहावे, असे मला वाटते.

लाटांचे कारण समुद्राच्या तळाशी आहे. सुमारे पाच किलोमीटर खोलीपर्यंत जाणारी एक घळ किनाऱ्याच्या अगदी जवळ येऊन संपते. घळीवरून येणारी लाट खोल पाण्यामुळे वेग न गमावता वळते आणि उथळ भागावरून आलेल्या लाटेला उत्तर किनाऱ्यापाशी मिळते, तेथे दोन्हींची उंची एकत्र होते. २९ ऑक्टोबर २०२० ला जर्मन सर्फर सेबास्टियन स्टॉयटनर तेथे २६.२१ मीटर उंचीच्या लाटेवर स्वार झाला. हे पाहायचे ते साधारण ऑक्टोबर ते मार्च, कड्याच्या टोकावरच्या किल्ल्याच्या गच्चीवरून, आणि त्या महिन्यांतही रोज दिसेलच असे नाही.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. मुलांना उत्तरेच्या किनाऱ्यावर पाण्यात उतरू देऊ नका. कड्याच्या आडोशाला असलेला गावचा किनारा त्या मानाने शांत आहे, पण पाणी उन्हाळ्यातही थंड असते. वाळवणाऱ्या बाया आता थोड्याच उरल्या आहेत आणि त्यांतल्या बहुतेक वयस्क आहेत. पावसाच्या दिवशी तक्ते रिकामे असतील. वासाचे म्हणाल तर उन्हात तो येतो, हे खरे आहे. मुलांना सकाळीच तेथे न्या, एक मासा हातात धरू द्या, आणि विकत घ्याल तर काट्याजवळ दाबून पाहून घ्या.