कार इन्शुरन्सचा रिन्युअल कमी पैशात कसा करायचा?

तुम्ही लिहिलंय की २०२० ची पेट्रोल स्विफ्ट आहे, आजवर एकही क्लेम घेतलेला नाही, आणि शोरूममधून रिन्युअलचं कोटेशन आलंय १९,४०० चं, तर हे कमी कसं करायचं. होतं कमी, बऱ्यापैकी होतं. फक्त पहिली गोष्ट, आज लगेच पैसे भरू नका, त्यांच्याकडून कोटेशनचं पूर्ण ब्रेकअप मागून घ्या, नुसता टोटल आकडा बघून काहीच कळत नाही.

ब्रेकअपमध्ये थर्ड पार्टीची, म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याच्या कव्हरची लाईन असेल, तिच्यावर वेळ घालवू नका. तो दर सरकार ठरवतं, १००० ते १५०० सीसीच्या गाडीला जून २०२२ पासूनचा दर ३,४१६ रुपये, तुमची स्विफ्ट त्यातच येते, कुठल्याही कंपनीकडे गेलात तरी ही लाईन तीच राहणार. घासाघीस जी काय करायची ती ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या लाईनमध्ये आणि खाली जोडलेल्या ॲड-ऑनमध्ये, म्हणजे जादा कव्हरमध्ये.

आता एनसीबी बघा, म्हणजे नो क्लेम बोनस. क्लेम न घेता एक वर्ष गेलं की २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनंतर ५०. ही सूट फक्त ओन डॅमेजवर मिळते, पण मिळते ती थेट अर्धी. तुमची पाच क्लेम-फ्री वर्षं झाली असतील तर कोटेशनवर ५० दिसलाच पाहिजे, ४५ दिसला तर तिथेच विचारा.

ह्या एनसीबीबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे कारण माझे पैसे इथेच गेलेत. सांगलीत पार्किंगमधून गाडी काढताना मागचा बंपर खांबाला घासून फुटला, तेव्हा माझा एनसीबी ३५ वर होता. वर्कशॉपमधला माणूस म्हणाला साहेब इन्शुरन्स आहे ना, मग खिशातून कशाला देताय, सही करा फक्त. मी केली. बिल झालं ७,२०० चं. त्यात बंपर ४,८०० चा, प्लॅस्टिक असल्यामुळे त्याचं निम्मं डेप्रिसिएशनमध्ये, म्हणजे घसाऱ्यात कापलं, रंगाच्या मटेरियलचे थोडे कापले, वर १,००० चं कंपल्सरी डिडक्टिबल (प्रत्येक क्लेममध्ये आपण भरायची ठरलेली रक्कम), म्हणजे कंपनीने दिले कितीतर साडेतीन हजार. पुढच्या वर्षी रिन्युअलला बसलो तेव्हा कळलं की ४५ मिळायचा तिथे शून्य आलाय. घरी वहीत हिशोब मांडला, ओन डॅमेज ९,००० धरला तर पहिल्या वर्षी ४,०५० चा फटका, मग २,७००, मग २,२५०, १,३५०, ४५०, असं करत परत ५० पर्यंत पोचेस्तोवर १०,८०० रुपये जास्त, जीएसटी वेगळा. ओन डॅमेज दरवर्षी थोडा उतरतो हे धरलं तरी साडेतीन हजारासाठी हा सौदा फार वाईट होता. तेव्हापासून डेंटिंग-पेंटिंगचं काम आठ-दहा हजाराच्या आतलं असेल तर मी खिशातून देतो, तुम्हीही सही करायच्या आधी हा हिशोब एकदा मांडाच.

आणि एक, एनसीबी गाडीचा नसतो, मालकाचा असतो. उद्या स्विफ्ट विकून नवीन घेतली तर कंपनीकडून एनसीबीचं पत्र घ्या, तीन वर्षांपर्यंत चालतं, नवीन गाडीच्या पहिल्याच पॉलिसीत तो ५० टक्के लागतो आणि नवीन गाडीचा ओन डॅमेज मोठा असतो त्यामुळे तिथे खरा फायदा. लोक हे विसरून जुन्या गाडीबरोबर सोडून देतात, बघून वाईट वाटतं. उलट क्लेम घेतलेला असताना कुणी एजंट म्हणाला की नाही घेतला असं लिहू, तर ऐकू नका, पुढे क्लेमच्या वेळी जुन्या कंपनीकडून ते उघड होतं आणि तेव्हा पैसे अडकतात.

शोरूमकडूनच पॉलिसी घ्यायची सक्ती नसते. कॅशलेस, म्हणजे बिल कंपनीने थेट वर्कशॉपला देणं, बंद होईल असं सांगतात, पण कॅशलेस हा इन्शुरन्स कंपनी आणि वर्कशॉप यांच्यातला करार असतो, पॉलिसी तुम्ही कुठून घेतली त्याच्याशी त्याचा संबंध नाही. तुमचं वर्कशॉप त्या कंपनीच्या यादीत आहे का एवढं बघा. मी ऑनलाईन दोन-तीन कोटेशन काढून शोरूमला दाखवली तर १७,८०० चे १२ हजारावर आले, त्याच कंपनीची पॉलिसी, तेच कव्हर.

पण ऑनलाईन तुलना करताना आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत, सारखी ठेवा. सगळ्यात स्वस्त दिसतं ते बऱ्याचदा आयडीव्ही खाली ओढून दाखवलेलं असतं. गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की तुम्हाला त्या आयडीव्हीच्या हिशोबानेच पैसे मिळणार, तिथे पाच-सातशे वाचवायला जाऊन पन्नास हजार कमी घेऊ नका. पाच वर्षांच्या पुढच्या गाडीची आयडीव्ही तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवता, त्यामुळे बाजारात तुमच्या मॉडेलला काय भाव चाललाय तो बघून बोला.

ॲड-ऑनमध्ये किल्ली हरवल्याचं कव्हर, टायरचं कव्हर, सामानाचं कव्हर, हे मी काढून टाकतो. रिटर्न टू इनव्हॉइस (गाडी पूर्ण गेली तर खरेदीच्या बिलाएवढे पैसे देणारं कव्हर) नवीन गाडीला ठीक, तुमच्या गाडीला नको. मालकाचं १५ लाखाचं पर्सनल ॲक्सिडेंट कव्हर एकच पुरतं, तुमच्या बाईकच्या पॉलिसीत किंवा वेगळं घेतलेलं असेल तर इथे परत भरू नका, तसं लिहून दिलं की काढतात. व्हॉलंटरी डिडक्टिबल, म्हणजे क्लेममधली आपण स्वतःहून भरायची कबूल केलेली जादा रक्कम, अडीच हजाराचं घ्या, कारण छोटे क्लेम आपण घेणारच नाहीये, मग त्याची सूट का सोडायची. गाडी महिन्यातून चार वेळाच निघत असेल तर किलोमीटरवर चालणारं पे ॲज यू ड्राइव्ह विचारा, २०२२ पासून ते मिळतं.

इंजिन प्रोटेक्ट मात्र काढू नका, पाणी साठणाऱ्या भागात राहत असाल तर अजिबात नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या गावभागात शिरलं तेव्हा मावसकाकांची गाडी दोन दिवस पाण्यात होती, पाणी ओसरल्यावर त्यांनी चालू होते का बघायला किल्ली फिरवली, एकदाच. इंजिनात पाणी गेलं होतं, आतून वाकलं, आणि साध्या पॉलिसीत हे नुकसान धरत नाहीत, चालू केल्यामुळे झालं म्हणतात. सीट, वायरिंगचे मिळाले, इंजिनचे सगळे काकांनी भरले, काही शे रुपयांचं हे कव्हर त्यांनी त्याच वर्षी पॉलिसीतून काढून टाकलं होतं. पाण्यात गाडी बुडाली तर स्टार्ट करायचीच नाही, टोइंग बोलवायचं.

सीएनजी किट नंतर बसवलं असेल तर आरसी आणि पॉलिसी दोन्हीवर नोंद करा, ते लपवून पैसे वाचत नाहीत.

तारीख चुकवू नका. पॉलिसी संपली की परत गाडीचं इन्स्पेक्शन करतात, ९० दिवस उलटले तर एनसीबी पूर्ण जातो, आणि मधे पोलिसांनी पकडलं तर पहिल्यांदा २,००० दंड. ब्रेकअप आलं की पॉलिसी नंबर आणि नाव झाकून इथे फोटो टाका, कुठली लाईन काढायची ते मी बघून सांगतो.