ऑक्टोपस, तांब्याचा हंडा आणि मोरचूद

घरी पाळायला घेतलेल्या ऑक्टोपसच्या पिल्लाबद्दल तेच तेच प्रश्न येताहेत, म्हणून उत्तरं एकत्र देतो.

गोल्डफिशच्या टाकीत ठेवला तर चालेल का? (जुळे सोलापूर)
नाही. तो खाऱ्या पाण्यातला प्राणी आहे.

किती वर्षं जगेल? (होटगी रोड)
लहान जाती साधारण वर्ष-दीड वर्ष. अंडी घातल्यावर मादी खाणं सोडते आणि पिल्लं निघायच्या सुमारास मरते. 'पिल्लू' म्हणून विकलेला प्राणी लहान चणीचा म्हातारा असू शकतो. पैसे देण्याआधी जाणकाराला दाखवा.

नळाला चार दिवसांआड पाणी येतं, मी ते तांब्याच्या हंड्यात साठवते. ऑक्टोपसच्या रक्तातही तांबं असतं म्हणे, मग हे पाणी उलट चांगलंच ना? (अक्कलकोट रोड)
ताई, हंडा आजच बाजूला ठेवा. ऐकीव माहितीतला हा प्रकार मला सर्वांत जास्त छळतो. त्याच्या रक्तात तांबं असतं हे खरं, रक्त निळसर दिसतं ते त्यामुळेच. पण ते हेमोसायनिन नावाच्या प्रथिनात बांधलेलं असतं आणि प्राणवायू वाहून नेतं. आपल्या रक्तात लोह आहे म्हणून आपण खिळे उकळून पितो का? पाण्यात विरघळलेलं तांबं थोडं असलं तरी त्याला विषच.

हंड्यावरच हे थांबत नाही. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवर दुकानदार जे औषध देतात, त्यातल्या बऱ्याच औषधांत तांबं असतं. ते दगड-वाळूत मुरतं आणि पुढे हळूहळू सुटत राहतं. म्हणून जुनी टाकी स्वस्तात मिळाली, तर आधी तिच्यात काय काय औषधं पडली ते विचारा. पंढरपूरच्या एका द्राक्ष बागायतदारांनी मोरचूद (म्हणजे तांब्याचंच क्षार, कॉपर सल्फेट) कालवायच्या बादलीतच समुद्री मीठ कालवलं होतं. बादली 'धुतलेली' होती! आरओचं पाणी, मत्स्यालयाचं समुद्री मीठ आणि प्लॅस्टिकची नवी बादली, एवढंच वापरा. तांब्याच्या चाचणीत शून्य येईपर्यंत प्राणी आणू नका. चाचणी जमत नसेल तर पाणी घेऊन माझ्याकडे या.

दुकानदार म्हणतो, बाटलीतले जिवाणू घाला, आठवड्यात सोडा. (विजापूर रोड)
त्याला माल खपवायचाय. टाकी किमान तीन महिने मुरू द्या, म्हणजे ऑक्टोपस न सोडता चालू ठेवा, जिवाणू आपोआप स्थिरावतात. घाणीतून पाण्यात साठणारी अमोनिया आणि नायट्राइट ही विषं शून्य हवीत.

मे महिन्यात काय करायचं?
आपल्याकडे पारा बेचाळिशीच्या पुढे जातो, त्यामुळे चिलर (पाणी थंड ठेवणारं यंत्र) लागेलच. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. वीज गेली तर बॅटरीवरचा एअर पंप हवा. बर्फाची लादी टाकू नका. नेमकं तापमान जातीवर ठरतं, तेव्हा आधी जात ओळखून घ्या.

झाकण खरंच लागतं?
लागतं, तेही खटक्याचं. त्याला हाडं नाहीत. चोच मावेल त्या फटीतून तो निसटतो. २०१६ साली न्यूझीलंडच्या नेपियरमधल्या मत्स्यालयातून इंकी नावाचा ऑक्टोपस जमिनीवरच्या नळीतून पळाल्याची बातमी जगभर गाजली होती.

निळ्या वर्तुळांचा मिळतोय.
घेऊ नका. त्याच्या विषावर उतारा नाही. चावलाच तर थेट दवाखाना गाठा.

मंगळवारपासून खात नाही, पांढरा पडलाय. कोणतं औषध घालू?
तुमचं पत्र माझ्या हाती शनिवारी आलं. असल्या वेळी पत्र लिहीत बसतात का? फोन करा. औषध कुठलंच घालू नका. टाकीतलं पाणी स्वच्छ बाटलीत भरून घेऊन या, आजच.