जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घाटात बंद पडते. डिझेल पंप काढायला द्यावा का?

तुमच्या प्रश्नातलं थोडक्यात असं: 1998 ची ट्रॅव्हलर, आत झोपण्या-रांधण्याची सोय केलेली. इंदुरात काही तक्रार नाही. महेश्वरहून परतताना धामनोद सोडून मानपूरचा चढ लागला की आचके देते आणि बंद पडते. दहा मिनिटं थांबून हँडपंप (हाताने डिझेल ओढायचा इंजिनाजवळचा छोटा पंप) मारला की पुन्हा चालू. फिल्टर नवा घातलाय, मागे हिमालयात जायचं म्हणून गाडीची आतली बाजू उबदार ठेवणारा, डिझेलवरचा हीटर बसवून घेतलाय, आणि मिस्त्री आता म्हणतोय की मेन पंप (इंजिनात दाबाने डिझेल सोडणारा) उतरवून कॅलिब्रेशनला, म्हणजे तपासून त्याचं माप जुळवायला, द्या.

इतक्यात देऊ नका. खर्च मोठा आहे, आणि दोष तिथे असण्याची शक्यता कमी. तुमचं इंजिन मर्सिडीजच्या ओएम 616 वरून आलेलं, 2.4 लिटरचं. त्याचा इनलाइन पंप, म्हणजे हाच मेन पंप, झिजला असता तर दहा मिनिटांच्या विश्रांतीने सुधारला नसता. मला वाटतं, डिझेल पंपापर्यंत पुरेसं पोचतच नाहीये. सपाटीवर भागतं, घाटात मागणी वाढली की कमी पडतं.

टाकी खाली आहे, आणि मेन पंपाच्या कुशीला लावलेला छोटा फीड पंप तिथून डिझेल ओढून घेतो. म्हणजे टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या नळीत दाब नसतो, ओढ असते. तिथे एखादा जोड सैल असला तर डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. जोड बाहेरून कोरडा ठणठणीत दिसतो, म्हणून मिस्त्री फडकं फिरवून ‘लिकेज नाही’ म्हणतो आणि पुढे मेन पंपाकडे वळतो. या भागात थेंब शोधून काही कळत नाही.

आता तुमच्या लिहिण्यातली कळीची गोष्ट. तुम्ही थांबताही आणि हँडपंपही मारता. दोन्ही एकदम केल्यामुळे गाडी कशाने सुरू झाली ते कळतच नाही. पुढच्या वेळी वेगवेगळं करून बघा. गाडी सुरक्षित कडेला घ्या, चाकांमागे दगड लावा आणि आधी टाकीचं झाकण उघडा. फुस्स करून हवा आत गेली तर टाकीचा श्वास कोंडलाय, म्हणजे टाकीत हवा जायची वाट बंद झालीय. तसं नसेल तर हँडपंपाची मूठ सोडवून वर ओढा. जड लागली, सावकाश वर आली, तर मागे कुठेतरी तुंबलंय. हलकी, पोकळ लागली, तर लाइनने हवा धरलीय. आणि एकदा हँडपंपाला हातच न लावता नुसतं थांबा. आपोआप सुरू होऊन थोड्या वेळाने पुन्हा तसंच झालं, तर टाकीतल्या जाळीवर संशय घ्या. इंजिन चालू असताना गाळ जाळीवर खेचला जातो, बंद केलं की ओढ संपते आणि तो सुटून खाली बसतो.

कॅम्पर गाड्यांत हा गाळ फार होतो, कारण त्या उभ्याच जास्त असतात. अर्ध्या टाकीनिशी पावसाळाभर उभी राहिली की रिकाम्या भागातल्या दमट हवेचं पाणी होऊन तळाशी जमतं, आणि पाणी-डिझेलच्या सीमेवर काळपट, बुळबुळीत साय वाढते. टाकीचा ड्रेन बोल्ट सोडून पसरट पांढऱ्या टबात डिझेल काढा, लगेच दिसेल. नवा फिल्टर याला इलाज नाही, कारण जाळी फिल्टरच्याही आधी येते. यापुढे गाडी उभी करताना टाकी गच्च भरून ठेवा.

दोष हवेचाच निघाला तर माझं पहिलं बोट हीटरकडे. बसवणारे बरेचदा मेन लाइन कापून तिथेच टी (तीन तोंडांचा जोड) घालतात. हीटर डिझेल थेंबाथेंबाने घेतो, त्याला इंजिनाच्या लाइनची गरजच नाही. पण त्या टीमुळे ओढीच्या नळीवर नवे जोड येतात, आणि बारीक नळीवर मोठी स्क्रूची क्लिप सगळीकडून सारखी आवळत नाही. टी काढून तिथे अखंड होज (रबरी नळी) टाका. हीटरला टाकीतून स्वतंत्र बारीक नळी द्या, तळापासून थोडी वर संपणारी.

दुसरा संशय फीड पंपाच्या बँजो बोल्टवर, म्हणजे नळी जोडणाऱ्या, आतून डिझेल जाणाऱ्या पोकळ बोल्टवर. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक तांब्याचा वॉशर असतो. काढून उजेडात तिरका धरा. आतून बाहेर गेलेली केसाएवढी रेघ दिसली तर तीच हवेची वाट. वापरलेला वॉशर कडक झालेला असतो, तोच परत घालू नका. वॉशर, डिझेलची होज, छोट्या क्लिपा, सगळं इंदुरातच छोटी ग्वालटोलीत मिळेल. फीड पंपाच्या अलीकडे वीतभर पारदर्शक नळी तात्पुरती घातलीत तर शंकाच उरणार नाही: रेस वाढवताच बुडबुड्यांची माळ पळताना दिसेल.

टाकी भरलेली असताना गाडी नीट चालते आणि पाव टाकीवरच त्रास देते का, हेही आठवून बघा. तसं असेल तर टाकीतल्या उचल-नळीला वरच्या बाजूला गंजून भोक पडलेलं असू शकतं.

तरी कळलं नाही तर कॅनवर चालवा. स्वच्छ डिझेलचा पाच लिटरचा कॅन पंपापेक्षा उंच, पट्ट्याने घट्ट बांधा. झाकणातून दोन नळ्या आणि हवेला एक बारीक छिद्र. एक नळी फीड पंपाला, दुसरी रिटर्नची, म्हणजे इंजिनाकडून उरलेलं डिझेल परत आणणारी. हँडपंप मारून लाइनमधली हवा काढा, सोबत कुणाला तरी घ्या आणि लांब चढावर जा. बायपासच्या पुलांचा चढ याला पुरत नाही. पेट्रोलच्या गाडीवर हा प्रयोग चुकूनही करू नका, आग लागेल. आणि इंजिन चालू असताना मेन पंपाकडून नोजलकडे (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोट्यांकडे) जाणाऱ्या पाइपांवर गळती हाताने चाचपू नका. त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत शिरतं.

कॅनवर गाडी घाट सहज चढली तर दोष टाकी आणि फीड पंप यांच्यामध्येच आहे, मेन पंप विसरा. कॅनवरही बंद पडली तर फीड पंप उघडा. आतले व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग बघा, व्हॉल्व्हखाली कचरा अडकला की ओढ जाते. तो स्वतंत्र निघतो, मेन पंप उतरवावा लागत नाही. मिस्त्रीला हे आधीच सांगून ठेवा.